बर्लिनमध्ये सरांना खाली उतरवलं

बर्लिनच्या मध्यावर, हत्या झालेल्या ज्यूंच्या स्मारकातल्या एका काँक्रीटच्या ठोकळ्यावर आमचे डायरेक्टर कर्णिक सर हात पसरून उभे होते. "अगं वैदेही, नुसती बघतेस काय? फोटो काढ ना!"

माझ्या शेजारी हेर, म्हणजे मिस्टर, ब्रांट उभे होते. आम्ही ज्या कार कंपनीला पार्ट पुरवतो, तिचे ते क्वालिटी हेड. मूळचे बर्लिनचे. पुण्याहून पाहुणे आलेत म्हणून शनिवारची सुट्टी मोडून ते आम्हाला शहर दाखवत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बिट्टे, प्लीज," ते मला हळूच म्हणाले, "त्यांना खाली यायला सांगा."

सर वरून हसले. "त्याला म्हणावं, पाच मिनिटं. एवढं काय त्यात? दगडच तर आहेत!"

रेगेन्सबर्गला, ब्रांटच्या कारखान्याच्या गावी, चार वर्षं मी आमच्या कंपनीची क्वालिटी इंजिनिअर होते, आणि सरांची दुभाषीसुद्धा. त्यांचं बोलणं घासूनपुसूनच जर्मनमध्ये सांगायचं, ही माझी सवय. या वेळी मात्र मी सरांकडेच वळले.

"सर, आधी खाली उतरा. इथे मारलेल्या माणसांची आठवण आहे."

"टोन बघ तुझा," म्हणत ते उतरले. पुढच्या महिन्यात माझं अप्रेझल होतं. तरी शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

सकाळपासून हेच चाललं होतं. म्युझियममध्ये बॅबिलोनचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं निळं प्रवेशद्वार बघून सर म्हणाले, "रंग नवा मारलेला दिसतोय." बर्लिनच्या भिंतीपाशी म्हणाले, "एवढीच? आमच्या सोसायटीची कंपाउंड वॉल उंच आहे." हे मात्र मी जर्मनमध्ये 'सर फार प्रभावित झालेत' असं सांगितलं. त्याची लाज मला आजही वाटते.

खरं काम सोमवारी रेगेन्सबर्गला होतं. ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटचं सॅम्पल अप्रूव्हल. म्हणजे पहिले नमुने गिऱ्हाईक मोजून बघतं, रिपोर्ट तपासतं आणि मगच उत्पादन सुरू करू देतं. अप्रूव्हल लांबलं असतं तर पुण्यात नवी लाइन बंद पडून राहिली असती. रिपोर्ट मी सरांना बर्लिनला जाताना ट्रेनमध्येच दिला होता. येतानाही तो न वाचता त्यांच्या बॅगेतच राहिला.

सोमवारी ब्रांटनी शनिवारचा 'श'सुद्धा काढला नाही. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "दुसऱ्या लॉटमध्ये हे भोक सरकलंय. माप मर्यादेत आहे. पण का सरकलं?"

सर म्हणाले, "वी हॅव थर्टी इयर्स ऑफ ट्रॅडिशन."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण भोक का सरकलं?"

मलाही माहीत नव्हतं. मी पुण्याला वेल्डिंग शॉपमध्ये, हे ब्रॅकेट बनवणाऱ्या सावंतांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, वेल्डिंगच्या उष्णतेनं पहिल्या लॉटमध्ये भोक एका बाजूला ओढलं जात होतं," सावंत म्हणाले. "म्हणून पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरची पिन मी बदलली. आता ते बरोबर मध्यावर येतंय. आधीची, नंतरची मापं दोन नंबरच्या फाइलमध्ये आहेत, पान नऊ."

ब्रांटनी पान नऊ उघडलं. सगळी मापं ताडून बघितली आणि अप्रूव्हलवर सही केली.

पुण्याला परतल्यावर सरांनी सगळ्यांना मेल पाठवली: बर्लिनमध्ये आपण ग्राहकाशी सांस्कृतिक नातं जोडलं, त्याचं हे फळ. मेलमध्ये सावंतांचं नाव नव्हतं. माझ्या अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन सुधारावे' असा शेरा आला.

त्याच आठवड्यात ब्रांटची मेल आली, दोन ओळींची. पुढच्या पार्टच्या मीटिंगला मिस्टर सावंत यांना पाठवावे. इतर कोणी येण्याची आवश्यकता नाही.

जर्मन माणूस अपमान लक्षात ठेवतो का, ते मला सांगता येणार नाही. पार्ट कोणी बनवला, हे मात्र तो विसरत नाही.