उसनी कातडी

पिशोरच्या बानाबाई पाच वर्षांमागं स्टोव्हच्या भडक्यात भाजल्या, तेव्हा संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या जखमांवर एका मेलेल्या माणसाची कातडी पांघरली. दान मिळालेली ती कातडी फ्रिजमध्ये गार जपून ठेवलेली होती. तीन आठवड्यांनी ती गळून पडली, पण तोवर बाई वाचल्या होत्या.

यंदा त्यांचे मालक मुंजाबा सकाळी मेंढरं सोडतानाच छातीत कळ येऊन गेले. बानाबाईंनी डोळे पुसले आणि त्वचापेढीला फोन लावला. कातडी सहा तासांच्या आत काढावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

थोरला दीर अजिनाथ दारात आडवा आला. "मेल्या माणसाला सोलता व्हय? भावकी काय म्हनंल?"

"मी भाजून पडले तवा भावकीनं कातडी दिली नाय," बानाबाई म्हणाल्या. "ज्यानं दिली त्याची जात बी मला ठाव नाय. सरका, भाऊजी."

दुपारी पेढीची गाडी आली. डॉक्टरांनी पाठीची, मांड्यांची पातळ साल काढली आणि नीट पट्ट्या बांधल्या. अजिनाथनं खांदा द्यायला नकार दिला. बानाबाईंनी पदर खोचला आणि तिरडीचा पुढचा दांडा स्वतःच उचलला. त्यांना कुणी अडवलं नाही.