काचेची पट्टी

हे मी अजून कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. तिला वाटतं माझी झोप शुगरमुळे उडालीय. वाटू दे. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड ठाऊक नाही. थकलोय, एवढं खरं.

माझं काम डोंगर बघण्याचं. पायथ्याशी टॉवरच्या तळघरासाठी खोल खड्डा खणला, की वरचा उतार जागेवर राहतोय ना, ते तपासायचं. भाईंदरकडच्या डोंगरी गावाजवळ एका साइटवर दर आठवड्याला जायचो. खड्ड्याच्या अगदी वर हिरामावशीचं घर. ती मासळी विकायची, नवरा घरी बसून जाळी दुरुस्त करायचा. घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता. त्यावर मी काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. साधा हिशेब — काच तुटली तर जमीन सरकतेय, खोदकाम बंद. मावशीला म्हटलं होतं, हिला सांभाळा. ती बिचारी रोज पुसायची.

एका मंगळवारी गेलो, तर काच तुटलेली. बरोबर तड्यावरून, मध्ये नख जाईल एवढी फट. धक्का लागून काच अशी तुटत नाही, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण मावशी आधीच कावरीबावरी झालेली.

"माजाच बांबू लागला असंल, सायेब. बोंबील वालत घालताना."

आणि मी — काय सांगू — मी म्हणालो, "हो, बांबूच लागला असेल. जरा जपून."

का म्हणालो? काम थांबवायचं म्हणजे पत्रं, मीटिंगा, वरिष्ठांची बोलणी, आठवडाभर तेच तेच. मला कंटाळा आला होता. हो, कंटाळाच — याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही. नवी काच लावली. वहीत लिहिलं, 'हालचाल नाही'. खाली सही.

पुढच्या सोमवारी भर दुपारी उतार सुटला. मागची भिंत, पडवी, सगळं खड्ड्यात. मावशी बाजारात होती. नवरा घरात होता. ढिगाऱ्यातून काढला तेव्हा जीव गेलेला होता.

चौकशीत माझी वही मागवली. वही स्वच्छ होती. अचानक घडलं, असं ठरलं. मीही तसंच सांगितलं.

मावशी आता मोरव्याला बहिणीकडे असते. गेल्या महिन्यात भाईंदरच्या बाजारात दिसली. मी वळणार होतो — तिनंच हाक मारली. माझा हात धरून रडली.

"मीच काच फोडली ना, सायेब. ती पयली असती तर तुमाला आधीच कललं असतं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं, नाही? दोन वाक्यं होती. मी नुसती मान हलवली. तिनं माझ्या पिशवीत ताजे बोंबील घातले, नको म्हणत असताना.

घरी आणले. बायकोनं तळले. मी जेवलो.