सोनेरी दातांना गंध

आमचा दिनकरमामा विमा कंपनीत कारकून होता. स्कूटरवरून जाताना कुणी पुढे घुसला तर "जाऊ दे बापडा" म्हणणारा गरीब माणूस. पण चेन्नईत मैलापूरच्या दोन खोल्यांत संध्याकाळी कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत लावली, की त्याच्या अंगात यायचं. मामी गेल्यापासून घरात तो आणि त्याची मुलगी रंजनी, दोघंच. कीबोर्ड एक, म्हणून वाटणी ठरलेली: वळणं रंजनीची, वेग मामाचा. एकाच गाडीत बसून दोघं मनसोक्त भांडायची. मला त्या भांडणाचा अजून हेवा वाटतो.

२००४ साली रंजनीने शर्यतीचा नवा खेळ आणला आणि जुन्या मशीनने हात टेकले. गाडी दोन पावलं जायची, थबकायची, मग एकदम भिंतीत. त्यातच तिला पुण्यात नोकरी लागली. विजयादशमीच्या संध्याकाळची गाडी होती. मामाने तिला न सांगताच आदल्या दिवशी मला घेऊन कॉम्प्युटरच्या भागांचा बाजार, रिची स्ट्रीट गाठली आणि दहा दुकानं पालथी घालून एक स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. ती जाण्याआधी एकदा तरी ही शर्यत तिच्याबरोबर नीट, न अडखळता खेळायची, एवढंच त्याला हवं होतं. परतताना बसच्या खिडकीबाहेर बघत त्याने मला हे सांगितलं.

तो दिवस आयुधपूजेचा. आमच्या तंजावरी मराठी घरांत त्या दिवशी विळीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं, आणि पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी शिवत नाही. मी सांगून पाहिलं, की आधी बसवून बघू, मग पूजा. मामाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवीलाच रांगेत मागे उभं करतोय. कार्ड देवीपुढे गेलं.

सकाळी पूजा उतरवली, मी कार्ड बसवलं, बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. दुकानं सणाची बंद. मामा खुर्चीत बसला तो उठेना. शेवटी रंजनीने कार्ड उपसून उजेडात धरलं. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, मशीनशी सगळं बोलणं त्यांच्यातूनच होतं. नेमकं तिथे गंध वाळून घट्ट बसलं होतं.

"सोन्यासारखं दिसलं गं. म्हणून तिथेच लावलं," मामा म्हणाला.

मला हसू आवरेना. आमच्या माणसांच्या भक्तीला जागा कळत नाही, हेच खरं. रंजनी मात्र हसली नाही.

"परवाइल्लै अप्पा, काढूं," ती म्हणाली, म्हणजे हरकत नाही बाबा, आणि खोडरबर घेऊन जमिनीवर बसली. बॅगा अर्धवट भरलेल्या तशाच राहिल्या. रबराने दात घासले, मशीनमधली खाच मऊ ब्रशने साफ केली. दुपार कलली तेव्हा पडदा उजळला.

काय रस्ता दिसला तो! कडेच्या गवताची पाती सुटी सुटी दिसत होती. दोघं सुसाट सुटली आणि पहिली आली. पण हा हा म्हणता शर्यत संपलीसुद्धा. जुन्या मशीनवर याच शर्यतीला अख्खी संध्याकाळ लागली असती.

रंजनीची निघायची वेळ जवळ आली होती. मामा म्हणाला, अजून एक. या वेळी जरा पुढे गेल्यावर त्याचं बोट वेगाच्या कळीवरून हळूच उठलं. मागच्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. मी म्हटलं, मामा, दाब की. रंजनीने माझ्याकडे बघून नुसती नकाराची मान हलवली, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर सावकाश एकेक वळण घेत राहिली.