विंगेतून पाहिलेले माधवराव

माधवरावांना मी पहिल्यांदा पाहिले ते ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या त्यांच्या घरी, बेसमेंटमध्ये. आम्ही ओटावात नवे होतो. माझे यजमान त्यांच्या नाटकाचे प्रॉम्प्टिंग करू लागले, म्हणून मीही सोबत गेले. एका जुन्या रशियन नाटकाचे मराठी भाषांतर माधवरावांनी स्वतः केले होते. चहा देताना त्यांच्या पत्नी नलिनीताई मला म्हणाल्या, "या घरात माझी सवत आहे, आणि ती रशियन आहे."

पुण्यातले नाटक सोडून माधवराव नोकरीसाठी इकडे आले. त्याची हळहळ त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. ऑफिस सुटले की ते तालमीला बसत. नटी होण्यासाठी घर सोडणारी मुलगी आणि तिच्यावर जीव लावून बसलेला, नाटके लिहिणारा मुलगा, अशी ती गोष्ट. दिवाळीच्या कार्यक्रमाला मुलेबाळे येतात, शेवटी दोघांचे लग्न लावून टाका, असे इथल्या मराठी मंडळातल्या काहींनी सुचवले. माधवराव शांतपणे म्हणाले, "जेवणात गोड वाढवा. नाटक आहे तसंच होईल."

प्रयोगाआधीच माझे यजमान गेले. दिवसकार्य झाल्यावर माधवराव आले. सांत्वनाचे फार बोलले नाहीत. "वहिनी, विंगेत माणूस हवा," एवढेच म्हणाले.

मी दहावी शिकलेली, मला यातले काय कळणार, असे मी म्हटले.

"यात प्रत्येकाचा जीव भलत्याच माणसावर जडलाय. एवढं कळलं की पुरे."

मग कितीही बर्फ पडो, तालमीला न्यायला नलिनीताई गाडी घेऊन दारात हजर. प्रॉम्प्टरने नटाचा श्वास ओळखायचा, नाटकातले गप्प बसणेही लिहिलेले असते, हे माधवरावांनी शिकवले. त्यांच्या कपाटातली बाकीची रशियन नाटकेही मी वाचली. त्यांतली माणसे हरतात आणि सकाळी उठून कामाला लागतात. मला तेव्हा तेच वाचायचे होते.

प्रयोगात माधवराव मुलाचे म्हातारे मामा झाले होते. शेवटच्या अंकात ते बोलता बोलता थांबले. पुढचे वाक्य माझ्या ओठांवर होते. मी त्यांच्याकडे पाहिले. श्वास संथ होता. मी गप्प राहिले. सभागृहही गप्प. मग वाक्य आले.

नंतर ते मेकअप पुसत असताना मी म्हटले, छान थांबलात. ते हसले.

"वहिनी, मी साफ विसरलो होतो. विंगेत बघितलं, तर तुम्ही शांत. म्हटलं, म्हणजे वेळ आहे."

यजमान गेल्यापासून मी नुसते दिवस काढत होते. त्या रात्री घरी येताना ते शब्द सोबत होते.

माधवरावांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. नव्या नाटकाचे भाषांतर अर्ध्यावर आले आहे, अशी नलिनीताईंची ताजी तक्रार आहे. माधवरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. माधवराव, सावकाश करा. मी विंगेत आहे. वेळ आहे.