कुंभारणीचं घर

माझ्या सासूला आमच्या कन्हेरी गावच्या बायका पाठीमागं गांधीलमाशी म्हणायच्या. मीही मनातल्या मनात म्हणायचे, खोटं कशाला बोलू? तिचा शब्द एकदा लागला की दिवसभर ठणकायचा. आमच्या गुऱ्हाळावर काकवीच्या वासानं खऱ्या गांधीलमाश्या घोंगावायच्या, त्यासुद्धा हिच्या पदराचा फटकारा बसला की वाट बदलायच्या.

चौतीस-पस्तीस साल असेल. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस काही उजवत नव्हती. इंदापूरहून चुलत सासरे आले ते सोयरीक घेऊनच. मुलगी घरंदाज आहे, पोराचं दुसरं लगीन उरकून टाकू, असं त्यांनी सासूला सरळ सांगितलं. आमचे हे जमिनीकडं बघत बसले. मी चुलीपुढं फुंकणी धरून होते आणि फुंकायचंच विसरले होते. सवत आली की मला माहेरी धाडणार हे ठरलेलं, आणि माहेरी तर आता भावजयांचं राज्य.

सासूनं वाद घातला नाही. दाराच्या वरच्या कोपऱ्याकडं नुसतं बोट केलं. तिथं कुंभारणीनं घर बांधलं होतं. ही बारीक कमरेची माशी ओली माती तोंडात आणून भिंतीला घर लिंपते, आत कोळी भरते आणि अंडं घालते. ती जिथं बांधते तिथं पाळणा हलतो, असं आमच्याकडं मानतात. ते घर कुणी फोडत नाही.

"भावजी, कुंभारणीनं घर केलंय. ते हाय तवर ह्या दारात दुसरा मांडव न्हाय."

चुलत सासरे असल्या बाबतीत बायकांपेक्षा भित्रे. मुकाट्यानं परत गेले.

पण माशीचं घर ते किती पुरणार! पिल्लं भोकं पाडून उडून गेली, माती पोपडे धरून खाली पडली आणि माझा जीव टांगणीला लागला. अशात चुलत सासरे पुन्हा येताहेत असा निरोप आला. त्या सकाळी बघते तर कोपऱ्यात नवंकोरं घर! मी हात जोडले. मग घंगाळ पालथं घालून वर चढले आणि जवळून बघितलं. त्यावर चांगला अंगठा उमटला होता. शिवाय वास शेणाचा. जन्मभर भिंती लिंपलेल्या बाईनं सवयीनं मातीत शेण कालवलं होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं. ह्या बाईचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत, असं तिथंच वाटलं.

दुपारी चुलत सासरे आले. टाचा उंचावून त्यांनी कोपरा न्याहाळला. "अजून वलंच हाय की," म्हणाले आणि दोन्ही हात जोडून खाली बसले. पुढं ती मुलगी बारामतीत दिली.

मला मूल झालं नाही. सवतही आली नाही. आमच्या दारावर मात्र दरसाल एक घर असायचंच, कधी माशीचं, कधी सासूचं. चुलत सासरे थकले आणि विषयच बंद पडला.

एकदा सासूच्या डोक्याला तेल लावताना मी म्हटलं, "आत्याबाई, कुंभारीण मातीत शेण कालवत नसती."

तिनं मानसुद्धा वळवली नाही. म्हणाली, "घर काय तिलाच लागतं व्हय? तुला न्हाय?"