पेपर आईचा, झोप लेकीची

काही लोकांकडे लष्करातले किस्से असतात, काहींकडे कोर्टातले. माझ्याकडे परीक्षेचे आहेत, आणि त्यातल्या एकाही परीक्षेला मी बसलेलो नाही! किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही हो. माणसाला तीन तास एका झाडाखाली बसवा, त्याच्या हातात सात महिन्यांचं मूल द्या, की ते आपोआप साचतात.

झालं असं, की माझी बायको रूपाली बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी पेपर आणि बाळंतपण एकाच आठवड्यात आलं. बाळंतपण पुढे ढकलता येत नाही, म्हणून पेपर ढकलले. यंदा नगरच्या एका केंद्रावर पाच पेपर, एक दिवसाआड, अकरा ते दोन. केडगावच्या एका शाळेनं तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली. "निकाल घेऊन या आणि रुजू व्हा," एवढंच सांगितलेलं.

अडचण एकच. आमची ईरा दुपारी झोपायची ती फक्त आईच्या खांद्यावर, आणि नेमकी पेपरच्या मधल्या वेळात. घरी ठेवावी तर ती बाटली तोंडात धरत नाही, दोनला आई समोर लागते म्हणजे लागतेच. मी सुप्याला कंपनीत क्वालिटीला आहे. पाच दिवस रजा टाकली आणि केंद्राच्या आवारात चिंचेखाली मुक्काम ठोकला.

तिथे आणखी दोघं भेटली. एक नेवाशाचे काकडे, घरी चार म्हशी, कडेवर आठ महिन्यांचा शंभू, बायको आत पेपरला. दुसऱ्या पाथर्डीकडच्या भागाबाई आजी. त्यांची सून आत, नातू मांडीवर. आजी त्याला नुसतं बाळ्या म्हणायच्या.

*

पहिल्या पेपरला दीडच्या सुमारास एका मुलानं जो सूर लावला, तो पार रस्त्यावर ऐकू गेला असेल. पाच मिनिटांत रूपाली धावत बाहेर! चेहरा पांढराफटक.

"काय झालं तिला?"

ईरा माझ्या मांडीवर हॉल तिकिटाची झेरॉक्स चघळत बसली होती.

"हिला काही नाही झालं. रडतोय तो शंभू."

"अहो, पंधरा मार्कांचा प्रश्न सोडून आले मी!"

पण एकदा पेपर देऊन बाहेर आलेल्याला परत आत घेत नाहीत. दोन वाजता शंभूची आई निवांत चालत बाहेर आली आणि आम्हालाच विचारते, "कुणाचं ओ लेकरू रडत हुतं इतकं? त्याची आई बिचारी कशी लिहीत आसंल!"

त्या दिवशी घरी रूपाली रडली. म्हणाली, "अजून एक प्रश्न असा सुटला तर मी नापास. आत बसले की प्रत्येक रडणं मला तिचंच वाटतं. तुम्ही काहीही करा, पण तिला झोपवा." मी हो म्हणालो.

*

मी क्वालिटीवाला माणूस. रात्रीत तक्ता तयार केला. सकाळी उठायची वेळ, पहिली झोप, मग किती वेळ जागी, मग दुसरी झोप: साडेबारा! मोबाईलमधल्या ॲपशी ताडून पाहिला आणि दुसऱ्या पेपरला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेला.

आजींनी तो लांब धरून पाहिला.

"ह्ये वाचून पोरगी झोपती व्हय?"

"नाही आजी, मी वाचतो. मग तिला झोपवतो."

"असं व्हय."

बारा वाजता ईरा कान चोळायला लागली. आजी म्हणाल्या, "टाका झोळीत." मी म्हणालो, "अजून तीस मिनिटं आहेत." तेवढ्यात बाळ्यानं कान चोळला. आजींनी चिंचेच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत त्याला टाकलं, चार झोके दिले, विषय संपला.

साडेबाराला मी ईराला खांद्यावर घेतलं. तिनं डोळे टक्क उघडले, हसली आणि मग दोनपर्यंत किरकिरली. नशीब आमचं, की शिपाई गुलाबमामांनी आम्हाला मैदानाच्या पार टोकाला घालवलं, म्हणून आवाज आत गेला नाही.

आजी शांतपणे म्हणाल्या, "बाराची गाडी गेली, दादा. आता दुसरी कधी हाय, त्ये बघा तुमच्या कागदात."

*

लहान मुलाचं एक गणित असतं. वाटेत पाच मिनिटं डुलकी लागली, की दुपारची तासाची झोप फुकट! तिसऱ्या पेपरला जाताना स्कूटरवर ईराची मान पडायला लागली. मागे बसलेली रूपाली तिच्या कानाशी अध्यापनाच्या पद्धती मोठ्यानं म्हणत होती, मधेच गालाला गुदगुल्या करत होती. सिग्नलला ट्रॅफिक पोलीस जवळ आले.

"ताई, लेकराला झोपू का देईनात?"

"साहेब, ही आत्ता झोपली तर मी नापास होईन!"

त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. घरी लहान मूल असणार त्यांच्या. काही न विचारता शिट्टी तोंडात घातली आणि जोरात फुंकली.

ईरा खडबडून जागी झाली. पण शिट्टी ऐकून मागच्या तीन गाड्या लाल सिग्नललाच सुटल्या, आणि साहेब त्यांच्यामागे पळाले!

*

त्याच दिवशी काकडे खुशीत आले. "भाऊ, आज काळजी सोडा. आमचं शंभू गोठ्यात कडबाकुट्टी चालू आसली की गपगार झोपतंय. मशिनीचा आवाजच भरून आणलाय मोबाईलमधी."

लावला. घर्र घर्र घर्र! आणि काय सांगू, शंभूचे डोळे मिटले. बाळ्याचे मिटले. ईरासुद्धा पेंगायला लागली! मी काकड्यांचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मोबाईलमधून एका म्हाताऱ्या माणसानं म्हशीला अशी एक कडक शिवी हासडली, की तिन्ही मुलं टुणकन जागी झाली. वर्गाच्या खिडकीतून एक सर ओरडले, "कोण शिव्या देतंय रे तिकडं?"

काकडे उठून उभे राहिले, हात जोडले.

"सर, आमचं वडील. पर ते नेवाशाला हायेत!"

*

चौथ्या पेपरला मी ठरवून कामाला लागलो. तक्ता घरी ठेवला. ईरानं कान चोळल्याबरोबर तिला छातीवर घेऊन आडवा झालो, पाठीवर थोपटत राहिलो, गुणगुणत राहिलो. हळूहळू सगळं शांत झालं.

जाग आली तेव्हा छातीवर कुणीच नव्हतं!

मी ताडकन उठलो. झोळीत पाहिलं, बाळ्या. काकड्यांकडे पाहिलं, शंभू. "ईरा! ईरा!" म्हणून ओरडलो. बघतो तर ती आजींच्या पलीकडे चिंचेचं वाळकं पान हातात घेऊन बसलेली, टवटवीत.

"वरडू नका," आजी म्हणाल्या. "पाऊन तास लागला तिला, पर झोपवलं बघा तिनं तुमाला. लई गुनाची पोर हाय!"

*

राहिला शेवटचा पेपर, सगळ्यांत अवघड. पहिल्यातली पंधरा मार्कांची तूट रूपालीला त्यातच भरून काढायची होती. गेटमधून आत जाताना तिनं ईराच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या दिवशी बाराच्या आधीच ईरानं कान चोळला. मी आजींकडे पाहिलं. आजींनी मान हलवली. लुगड्याची दुसरी झोळी त्यांनी सकाळीच बांधून ठेवली होती. मी झोके देत राहिलो. हात भरून आला तरी थांबलो नाही. पावणेएकला ईरा झोपली! बाळ्या आधीच झोपला होता, काकड्यांच्या खांद्यावर शंभूही. पाच पेपरांत पहिल्यांदाच तिघं एकदम. आम्ही तिघं मोठी माणसं एकमेकांकडे नुसती बघत होतो, बोलायची हिंमत कुणाची?

आणि मला आठवलं: एकला टोल!

दर तासाला गुलाबमामा फाटकाजवळ टांगलेल्या लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचे. तोवर त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण तो वाजायचा तेव्हा ईरा जागीच असायची. मी अनवाणी पळत गेलो. मामांच्या हातात हातोडी होती.

"मामा, नका वाजवू. पोरं झोपलीत."

"टोल न्हाई दिला तर आतल्यांना कळायचं कसं, एक तास राह्यला म्हनून? अठ्ठावीस वर्षं झाली, एक टोल चुकला न्हाई माजा."

"एकदा येऊन बघा तरी."

मामा आले. पहिल्या झोळीत वाकून पाहिलं, मग दुसऱ्या. शंभूच्या तोंडापाशी आलेली माशी हातानं उडवली. हातोडी घेऊन तसेच वर्गांकडे गेले. खिडक्यांतून आम्हाला दिसत होतं: प्रत्येक वर्गाच्या दारात उभे राहायचे, हातोडी वर धरायचे आणि एक बोट दाखवायचे. दोन वाजता पुन्हा तसंच गेले. या वेळी नुसती हातोडी.

बायका बाहेर आल्या त्या चपला हातात घेऊन.

रूपाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. झोळीत वाकून पाहिलं. पेपर कसा गेला, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं, "कधी झोपली?"

"पावणेएकला."

"मी सगळं लिहिलं," ती म्हणाली. "सगळे प्रश्न. शेवटचासुद्धा."

मग चिंचेच्या बुंध्याला टेकून खाली बसली आणि बसल्या बसल्या झोपली. पेन हातातच होतं.

दहा मिनिटांनी झोळी हलली. ईरानं डोळे उघडले. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं झोळीच्या काठावरून आईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मूठ तोंडात घालून गप्प चोखत राहिली.

गुलाबमामा फाटकाला कुलूप लावायला आले होते. ते थांबले. मग त्यांनी कुलूप खिशात टाकलं, स्टुलावर बसले आणि मांडीवर हातोडी आडवी ठेवली.