समोरून बघायची बाग

माझा नवरा वडशाला नाटकांचे पडदे रंगवतो. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, त्यामुळे पावसाळाभर तो घरीच. घरी म्हणजे माझ्या डोक्यावर. लग्न झाल्यापासून त्यानं मिरचीचं एक रोप लावलेलं मला आठवत नाही, आणि गेल्या श्रावणात तोच म्हणाला, "पोरीसाठी मागं परीची बाग बनवतो."

पोरगी आमची सात वर्षांची. उन्हाळ्यात पेरूच्या झाडावरून पडली आणि उजवा पाय मोडून बसली. प्लास्टर निघालं, हाड पक्कं जुळलं, गडचिरोलीच्या डॉक्टरांनी आता चालवा म्हणून सांगितलं. पण ती पाय टेकवेचना. "पुन्हा मोडून जाईन न वो आई!" मी रागावले, लाडीगोडी लावली, चॉकलेट दाखवलं. शेवटी कडेवर घेऊन फिरवायला लागले. पोरगी अशीच राहिली तर, हा विचार माझ्या मनातून जात नसे.

अशात या माणसाला बाग सुचत होती. मी चांगलीच भडकले. तो मात्र पोरीच्या खाटेवर बसून, एक डोळा मिटून खिडकीतून मला हुकूम सोडायचा, "थो तेरड्याचा डबा डावीकडं घे. दोन बोटं." मी चिखलात, साहेब खाटेवर! पुढं उंच तेरडा, त्यामागं बुटका चिनी गुलाब, त्याच्याही मागं कौलांच्या तुकड्यांची अंगठ्याएवढी घरं. शेवटी बांबूचा तट्टा उभा करून त्यावर डोंगर रंगवला आणि डोंगराच्या पायथ्याशी परीचं घर, लाल दाराचं.

सगळं झाल्यावर मी खाटेवर बसून पाहिलं. घरामागची चार हातांची आमची सांदवाडी कोसभर लांब दिसत होती. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. त्याला सांगितलं नाही, उगीच शेफारला असता.

फुलं सगळी डब्यांत लावलेली. तेरडा उतरला की पोरगी दुपारी झोपलेली असताना तो डबे बदलायचा. ती उठून बघते तर झिनिया, मग पिवळाधमक झेंडू. दिवस दिवस ती खिडकीशी. पण खाटेवरून खाली काही उतरेना.

एकदा तिनं विचारलं, "बाबा, परीच्या घराच्या मागं का आहे?"

"मागं काई नसते बेटा. पाहाचं ते समोरून."

तिला ते पटलं नाही. चार दिवस तिचा तोच घोषा, मागं का आहे, मागं का आहे.

पाचव्या दिवशी सकाळी मी पुढच्या ओसरीत तांदूळ निवडत होते. नवरा शेजारी चहा पीत बसलेला. मागून डबा पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ पोरीची आरोळी. सूप तिथंच टाकून मी धावले, तोही धावला. खाट रिकामी. ती बाहेर, तट्ट्याच्या मागं, टेकणाचा बांबू धरून उभी.

"इथी तं नुसते बांबू आहेत! तुमी मले फसवून राह्यले!"

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. प्रेक्षकांपैकी कुणी पडद्यामागं येणं त्याला मुळीच खपत नाही. तो अगदी काकुळतीला येऊन समजावू लागला, "अवो बाई, परदा असाच असते. मागून सारे असेच असतेत."

"नाई! मागं बी फुलं पाह्यजेत! आताच्या आता!"

आणि तिनं ताडकन पाय आपटला. तो अजून समजावतच होता. मी त्याचा दंड घट्ट धरला आणि खाली बोट दाखवलं. चिखलात रुतला होता तो पाय उजवा होता.